व्याकरण, भाषांतर आणि परकीय भाषेचे अध्ययन : राजूर परिसरातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या संदर्भात

गोषवारा

परकीय भाषा शिकविण्याच्या पद्धतींमध्ये व्याकरण-भाषांतर पद्धती ही सर्वांत जुनी आणि सर्वांत अधिक टीका झालेली पद्धती होय. संभाषणाधिष्ठित पद्धतींच्या प्रसारानंतर ती कालबाह्य ठरविली गेली. तथापि ज्या गावात परकीय भाषा बोलणारा माणूस नाही आणि शिकविणारी संस्थाही जवळ नाही, तेथील विद्यार्थ्याला व्याकरण, भाषांतर आणि कोश यांखेरीज दुसरा आधार नसतो. प्रस्तुत निबंधात या पद्धतीची मराठीतील परंपरा, तिच्या मर्यादा आणि जर्मन व जपानी या दोन भाषांच्या संदर्भात मराठी व्याकरणाचा होणारा उपयोग यांचा विचार केला आहे. परकीय भाषा इंग्रजीच्या मार्गाने न शिकविता थेट मराठीवरून शिकविणे ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने अधिक सोयीचे आणि शास्त्रीयदृष्ट्या अधिक युक्त आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : व्याकरण-भाषांतर पद्धती, परकीय भाषा, मराठी व्याकरण, उलट भाषांतर, कोश, ग्रामीण विद्यार्थी.

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळसा खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव आहे. खाणीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील कामगार येथे आले. दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते आणि आसपासच्या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. त्यामुळे या परिसरातील मुलाच्या कानावर मराठीबरोबर हिंदी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा अनेक भाषा पडतात. बहुभाषिकता त्याला नवीन नाही. मात्र महाविद्यालयात आल्यावर हाच विद्यार्थी ‘भाषेत कच्चा’ म्हणून ओळखला जातो, कारण तेथे भाषा या शब्दाचा अर्थ इंग्रजी असा घेतला जातो.

हा प्रश्न आता केवळ परीक्षेतील गुणांपुरता उरलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर जपानी, जर्मन, फ्रेंच, कोरियन, रशियन इत्यादी परकीय भाषांचा पर्याय सुचविला आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. जपानने २०१९ पासून ‘विशिष्ट कौशल्य’ या प्रकारचा परवाना सुरू केला असून त्यासाठी जपानी भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. जर्मनीत परिचारिकेचे काम करण्यासाठी सामान्यतः युरोपीय भाषा-संदर्भ चौकटीतील बी-२ ही पातळी अपेक्षित असते. म्हणजे शुश्रूषेचे किंवा तंत्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हाती असूनही केवळ भाषेअभावी संधी जाऊ शकते. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्युलर भवन यांसारखी सोय असलेला विद्यार्थी आणि राजूरचा विद्यार्थी यांच्यातील अंतर येथे स्पष्ट होते. हे अंतर कमी करण्यासाठी महाविद्यालयीन अध्यापकास काय करता येईल, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

मराठीतील व्याकरण-भाषांतराची परंपरा

व्याकरण, भाषांतर आणि कोश या तीन साधनांनी परकीय भाषा शिकण्याचा अनुभव मराठीस नवा नाही. किंबहुना मराठी ही स्वतःच अनेकांनी याच मार्गाने शिकलेली परकीय भाषा आहे. थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून कोंकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. त्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले होते. परभाषेत ओवी रचण्याइतके प्रभुत्व मिळविणाऱ्या या लेखकाला व्याकरणाची मांडणीही करावीशी वाटली, ही बाब लक्षणीय आहे.

विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली श्रीरामपूर येथे छापला गेला. या कामी नागपूरचे पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य त्यांना लाभले होते. कॅरी यांनी व्याकरणाला नित्याच्या विषयांवरील संवाद जोडले, हे विशेष महत्त्वाचे आहे. नियम आणि बोलणे यांची सांगड घालण्याची गरज व्याकरणकारांना दोनशे वर्षांपूर्वीच जाणवली होती. पुढे मोल्सवर्थ आणि कँडी बंधू यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले.

याच शतकात प्रवाहाची दिशा बदलली आणि मराठी माणूस या साधनांनी इंग्रजी व संस्कृत शिकू लागला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८६०च्या दशकात तयार केलेल्या संस्कृतच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक पाठात थोडे नियम, शब्दसंग्रह, संस्कृतातून भाषांतरासाठी वाक्ये आणि संस्कृतात भाषांतरासाठी वाक्ये असा क्रम आहे. इंग्रजीच्या बाबतीत हेच कार्य तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने केले. नियम मराठीत समजावून सांगणे, मोजके शब्द देणे आणि दोन्ही दिशांनी भाषांतर करवून घेणे ही तिची रीत होती. ज्यांना इंग्रज शिक्षक कधी भेटला नाही, अशा तालुक्याच्या आणि खेड्याच्या ठिकाणच्या अनेक पिढ्या या पाठमालेवर इंग्रजी वाचू-लिहू लागल्या.

पद्धतीवरील आक्षेप

युरोपात लॅटिन व ग्रीक शिकविण्याची रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात आधुनिक भाषांनाही लावली गेली, आणि तीच व्याकरण-भाषांतर पद्धती म्हणून ओळखली जाते. १८८२ साली विल्हेल्म फीटर या जर्मन अध्यापकाने भाषाशिक्षणाने दिशा बदललीच पाहिजे, अशी मागणी करणारी पुस्तिका लिहिली. त्याच सुमारास बर्लिट्झ यांच्या शाळांमधून मातृभाषेला वर्गात मज्जाव करणारी प्रत्यक्ष पद्धती लोकप्रिय झाली. भारतात प्रत्यक्ष पद्धतीनंतर रचनाधिष्ठित आणि त्यानंतर संभाषणाधिष्ठित अध्यापनाचा पुरस्कार झाला. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले.

व्याकरण-भाषांतर पद्धतीवरील आक्षेप निराधार नाहीत. या पद्धतीने शिकलेला विद्यार्थी नियम सांगतो, पण बोलताना अडखळतो. त्याच्या कानाला परभाषेचा सराव नसतो. प्रत्येक शब्दाला एकच प्रतिशब्द असतो, असा त्याचा समज होतो. संदर्भहीन वाक्यांची भाषांतरे करून तो कंटाळतो. हे सर्व दोष मान्य करूनही दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, प्रत्यक्ष पद्धतीला परभाषा अस्खलित बोलणारा शिक्षक, लहान वर्ग आणि भरपूर तासिका लागतात. ही सामग्री जेथे नाही तेथे मातृभाषा वर्गाबाहेर ठेवल्याने परभाषा आत येत नाही, केवळ शांतता येते. दुसरी अशी की, विद्यार्थ्याने मनातल्या मनात भाषांतर करू नये असा नियम करता आला, तरी तो पाळला जात नाही. तो भाषांतर करतोच, मात्र चुकीचे करतो आणि त्याची चूक शिक्षकाला दिसत नाही.

अलीकडे या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. गाय कुक यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भाषाशिक्षणातील भाषांतराचे समर्थन केले. युरोपीय भाषा-संदर्भ चौकटीच्या २०२० सालच्या पूरक खंडात एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत पोहोचविण्याच्या कौशल्यास, म्हणजे मध्यस्थीला, विस्तृत स्थान देण्यात आले आहे. रुग्ण आणि वैद्य यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या परिचारिकेला हेच कौशल्य लागते.

मराठी व्याकरण : एक दुर्लक्षित साधन

परकीय भाषांची उपलब्ध पुस्तके बहुधा इंग्रजीतून असतात. त्यामुळे राजूरच्या विद्यार्थ्याला जर्मन शिकण्यासाठी आधी इंग्रजीतील स्पष्टीकरण समजून घ्यावे लागते. या फेऱ्यात केवळ वेळच जातो असे नव्हे. मराठीत सहज समजणारी गोष्ट इंग्रजीतून अवघड होऊन पुढे येते. पुढील उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

(अ) जर्मन : जर्मनमध्ये नामांना तीन लिंगे असतात. इंग्रजी भाषकाला ही मोठी अडचण वाटते आणि इंग्रजी पुस्तके तिची दीर्घ प्रस्तावना करतात. मराठी विद्यार्थ्याला ‘तो, ती, ते’ जन्मापासून येते. ‘डेअर, डी, डास’ ही जर्मन उपपदे त्याला या तीन शब्दांवरून समजतात. प्रत्येक नामाचे लिंग अर्थात निराळे पाठ करावे लागते. पुस्तक दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी आहे, चंद्र दोन्हींत पुल्लिंगी आहे, परंतु सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे. ‘मुलगी’ या अर्थाचा ‘मेटशेन’ हा जर्मन शब्द नपुंसकलिंगी का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ‘शेन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की जर्मन नाम नपुंसकलिंगी होते, हे त्याचे उत्तर आहे. मराठीतील वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू हे शब्द विद्यार्थ्यापुढे ठेवले, तर लहानपणा आणि नपुंसकलिंग यांचे नाते त्याला परके वाटत नाही.

‘मला ते पुस्तक आवडते’ हे वाक्य जर्मनमध्ये ‘मीर गेफेल्ट डास बुख’ असे होते. ‘मीर’ म्हणजे ‘मला’. आवडणारी वस्तू कर्ता आहे आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत आहे. पुस्तके अनेक असली तर मराठीत ‘आवडतात’ होते, तसेच जर्मनमध्ये क्रियापद ‘गेफालेन’ होते. इंग्रजीत मात्र ‘आय’ हा कर्ता असतो. ‘मला थंडी वाजते’ याला जर्मन ‘मीर इस्ट काल्ट’ म्हणतात. इंग्रजीमार्गे जाणारा विद्यार्थी येथे ‘मी थंड आहे’ या रचनेचे वाक्य करतो आणि त्याचा अर्थ ‘मी भावनाशून्य आहे’ असा होऊ शकतो. ‘मला’पासून थेट ‘मीर’कडे जाणारा विद्यार्थी ही चूक करीत नाही.

गौण वाक्याच्या बाबतीतही असेच आहे. ‘मला माहीत आहे, की तो आज येतो’ या वाक्यात ‘येतो’ शेवटी आहे. ‘इश वाइस, दास एर हॉइटे कोम्ट’ या जर्मन वाक्यातही ‘कोम्ट’ शेवटी आहे. परंतु येथे सावधगिरी हवी. मुख्य वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या स्थानी येते, आणि मराठीच्या सवयीने विद्यार्थी ते शेवटी नेतो. साम्य जेथे संपते ती सीमा दाखविणे हे शिक्षकाचे खरे काम आहे.

(आ) जपानी : जपानी वाक्याची रचना मराठीस आश्चर्यकारक वाटावी इतकी जवळची आहे. ‘वाताशि वा होन ओ योमिमासु’ म्हणजे ‘मी पुस्तक वाचतो’. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम तोच आहे. मराठीतील विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, तसेच जपानी निपातही नामानंतर येतात. ‘नो’ म्हणजे ‘चा-ची-चे’, ‘कारा’ म्हणजे ‘पासून’, ‘मादे’ म्हणजे ‘पर्यंत’. मराठीत प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, जपानीत नाम बदलत नाही, आणि लिंग-वचनाची जुळणीही करावी लागत नाही.

याहून उपयुक्त साम्य संयुक्त क्रियापदांत आहे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे ‘खाऊन पाहणे’. ‘ताबेते’ म्हणजे ‘खाऊन’ आणि ‘मिरु’ म्हणजे ‘पाहणे’. ‘काइते ओकु’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’, आणि ‘ओकु’ या क्रियापदाचा मूळ अर्थही ‘ठेवणे’ असाच आहे. ‘मोत्ते इकु’ म्हणजे ‘घेऊन जाणे’, ‘मोत्ते कुरु’ म्हणजे ‘घेऊन येणे’. इंग्रजी पुस्तकात या प्रत्येक रचनेसाठी स्वतंत्र नियम आणि निरनिराळे प्रतिशब्द द्यावे लागतात. मराठीत एका ओळीचे भाषांतर पुरते. इंग्रजीमार्गे शिकविताना ही ठेव वाया जाते. कांजी लिपी आणि आदरार्थी रूपे मात्र स्वतंत्र परिश्रमानेच साध्य होतात. तेथे मराठीची मदत मर्यादित आहे.

(इ) उच्चार : मराठीतील ‘चहा’चा च आणि ‘चूल’चा च यांचे उच्चार निराळे आहेत, पण लिपीत हा भेद दिसत नाही. ‘चूल’मधील दंततालव्य च हा जर्मन ‘त्साइट’ (वेळ) या शब्दातील आणि जपानी ‘त्सुनामी’मधील आरंभीच्या ध्वनीशी जुळतो. विद्यार्थी हा ध्वनी रोज उच्चारीत असतो, पण तो आपल्याला येतो याची त्याला जाणीव नसते.

भाषांतराचा पाठ कसा घ्यावा

भाषांतर हे उत्तर तपासण्याचे साधन न ठेवता शिकण्याचे साधन करावयाचे असेल, तर त्याचे टप्पे पाडणे आवश्यक आहे. पहिल्या टप्प्यात परभाषेतील सहा ते आठ वाक्यांचा सलग उतारा घ्यावा. सुटी वाक्ये शक्यतो टाळावीत. प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द लिहावा, मराठी वाक्य बिघडले तरी चालेल. या शब्दशः रूपात परभाषेचा सांगाडा दिसतो. दुसऱ्या टप्प्यात त्याच उताऱ्याचे स्वाभाविक मराठी करावे. हे मराठी घरच्या माणसाला वाचून दाखविता येईल असे असावे. तिसऱ्या टप्प्यात मूळ उतारा बाजूला ठेवून, एक-दोन दिवसांनी, मराठीवरून तो परभाषेत पुन्हा लिहावा आणि मुळाशी ताडून पाहावा. इंग्रज शिक्षक रॉजर ॲस्कम यांच्या १५७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लॅटिनसाठी हीच उलट भाषांतराची रीत सांगितली आहे. तिचा मोठा गुण असा की, चुका दाखविण्यासाठी तज्ज्ञ शिक्षक समोर असावा लागत नाही. मूळ उताराच शिक्षकाचे काम करतो.

चौथा टप्पा जुन्या पद्धतीत नव्हता आणि तिचा मुख्य दोष त्यामुळेच निर्माण झाला. तो टप्पा म्हणजे उतारा ऐकणे आणि मोठ्याने म्हणणे. आज ध्वनिमुद्रित पाठ भ्रमणध्वनीवर मिळतात. भाषांतरित उतारा अर्थासह पूर्ण समजलेला असल्याने तो ऐकताना कानाला शब्द वेगळे काढता येतात. अर्थ न समजता तासन् तास ऐकण्यापेक्षा हे अधिक फलदायी आहे.

उपयुक्त साधने

साधनांची निवड करताना ती स्वस्त, टिकाऊ आणि वीज किंवा जोडणी नसतानाही चालणारी असावीत. पहिले साधन कोश होय. विद्यार्थ्याला कोश ‘पाहता’ येतो असे गृहीत धरले जाते, प्रत्यक्षात त्याला केवळ पहिला प्रतिशब्द उचलता येतो. नामाचे लिंग, क्रियापदाची जात आणि अर्थांचा क्रम वाचण्याचा सराव मराठी कोशावरच द्यावा. मोल्सवर्थ यांच्या कोशात प्रत्येक नामाचे लिंग दिलेले असून शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य उपलब्ध आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) अध्यापकाने हाताशी ठेवावे. प्रयोग आणि विभक्ती यांविषयीचे त्यातील विवेचन तुलनेसाठी उपयोगी पडते.

दुसरे साधन शब्दपत्रांची पेटी. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाच्या गतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात पाच कप्प्यांची पेटी सुचविली. पत्राच्या एका बाजूस परभाषेतील शब्द, दुसऱ्या बाजूस मराठी अर्थ लिहावा. उत्तर बरोबर आले तर पत्र पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी परत येते, चुकले तर पहिल्या कप्प्यात येते. जोड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातही ही पेटी तयार होते. पत्रावर सुटा शब्द न लिहिता लिंगासह नाम किंवा छोटे वाक्य लिहावे.

तिसरे साधन यांत्रिक भाषांतर. गूगलच्या भाषांतर सेवेत २०१३ पासून मराठीचा समावेश आहे. या साधनावर बंदी घालणे व्यवहार्य नाही, त्याची परीक्षा घ्यायला शिकविणे योग्य. भाषांतर इंग्रजीच्या मार्गाने गेले की ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील भेद एका ‘यू’मध्ये विरून जातो आणि जर्मनमधील ‘डू’ की ‘झी’ हा निर्णय अंदाजाने होतो. रुग्णालयात वृद्ध रुग्णाला ‘डू’ म्हणणे हा शिष्टाचाराचा भंग ठरतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेदही असाच नष्ट होतो. राजूरच्या तेलुगूभाषक घरातील विद्यार्थ्याला तो ‘मेमु’ आणि ‘मनमु’ या रूपांत आधीच परिचित असतो. यंत्राने केलेले भाषांतर फळ्यावर लिहून त्यातील हरवलेले अर्थ शोधणे हा वर्गातील उत्तम पाठ होऊ शकतो.

स्थानिक भाषांचे स्थान

या परिसराच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. एम. बी. एमेनो यांचा कोलामी भाषेवरील ग्रंथ १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा आहे. लिखित वाङ्मय नसलेल्या या भाषेचा अभ्यास व्याकरण, भाषांतरासह संहिता आणि शब्दसंग्रह याच तीन अंगांनी झाला. पोडावरून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मराठी ही दुसरी आणि इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा असते. जी भाषा तो घरी बोलतो तिलाही व्याकरण आहे, हे त्याला वर्गात कळले पाहिजे. त्याने आपल्या भाषेतील दहा वाक्ये मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत आणली, तर तो भाषेत कच्चा नसून वर्गातील इतरांपेक्षा अधिक भाषा जाणणारा आहे, ही गोष्ट त्यालाही आणि अध्यापकालाही दिसून येते.

समारोप

व्याकरण-भाषांतर पद्धती परिपूर्ण नाही. ती एकटी वापरली तर वाचणारा, पण न बोलणारा विद्यार्थी घडतो. परंतु श्रवण आणि उच्चार यांची जोड दिली, सलग उतारे घेतले आणि स्पष्टीकरणाची भाषा इंग्रजीऐवजी मराठी ठेवली, तर शिक्षकाचा तुटवडा असलेल्या ठिकाणी तीच सर्वांत विश्वसनीय पद्धती ठरते. या दृष्टीने पुढील गोष्टी महाविद्यालयीन पातळीवर करता येण्यासारख्या आहेत. मराठी आणि इंग्रजी विभागांनी एकत्र येऊन मराठीवरून जर्मन किंवा जपानी शिकविणारी छोटी पाठमाला तयार करावी. ग्रंथालयात कोश, व्याकरणे आणि ध्वनिमुद्रित पाठ यांचा एक भाषाकोपरा असावा. मराठी व्याकरणाचा तास पदवी परीक्षेतील गुणांपुरता न ठेवता परभाषेची पूर्वतयारी म्हणून घ्यावा.

कॅरी यांना मराठी शिकताना नागपूरच्या पंडिताचे साहाय्य मिळाले. राजूरच्या विद्यार्थ्याला परभाषा शिकताना तसे साहाय्य करू शकेल असा त्याच्या जवळचा माणूस म्हणजे त्याचा मराठीचा अध्यापक होय. त्यासाठी त्या अध्यापकाला जर्मन किंवा जपानी अस्खलित येण्याची आवश्यकता नाही. मराठीचे व्याकरण नीट येणे आणि ते विद्यार्थ्याबरोबर दुसऱ्या भाषेच्या शेजारी मांडून पाहण्याची तयारी असणे, एवढे पुरेसे आहे.